माझ्या सायकलीने परिक्रमा उचलली

जबलपूरच्या भोवती वीस मैलांत मुरमाची अशी एक वाट दाखवा, जी माझ्या सायकलीच्या चाकाखालून गेलेली नाही! दाखवाच! बरगीकडचे डोंगर घ्या, मदनमहालामागची खडकाळ उतरण घ्या, नाहीतर शहपुऱ्याकडे शेताशेतांतून जाणारी गाडवाट घ्या. "वाट विचारायची तर पुंडलिकरावांना विचारा," असं आमच्या कचेरीत साहेबापासून चपराशापर्यंत सगळे म्हणत. म्हणजे, चपराशी म्हणत असे. साहेब एकदाच म्हणाले होते, आणि तेही बहुधा मला खोलीबाहेर घालवायला.

गोष्ट एकोणीसशे एकतीस सालची. मी तेव्हा सरकारी कचेरीत नकाशांच्या खोलीत कारकून होतो. सायकल विलायती, हिरव्या रंगाची, सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेली. सासऱ्यांनी दिलेल्या दोन गोष्टींपैकी ही एक माझं ऐकत असे. आता डांबरी सडकेवर सायकल काय कोणीही चालवील! खरी मजा मुरमावर. चाकाखाली तो कुरकुरतो, उतारावर पोटात गोळा येतो, चढावर जीभ बाहेर येते, आणि वर पोचलं की खाली सगळी दरी आपल्याच नावावर असल्यासारखी पसरलेली दिसते. ह्या सगळ्या वाटांची मी एक वही करत होतो. नाव होतं, 'जबलपूर परिसरातील मुरमाच्या वाटा: सायकलस्वारांस मार्गदर्शक'. सायकलस्वार आम्ही दोघंच होतो, मी आणि कचेरीतला अच्युत. पण मार्गदर्शक तयार असलेला बरा.

त्या कार्तिकात, पौर्णिमा होऊन चार दिवस झाले असतील, माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला येणार होते. विनता तिचं नाव, आम्ही विनू म्हणतो. मॅट्रिक झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी. वडील गेल्यापासून घरात कर्ता पुरुष मी. स्थळ होतं शैलेंद्रचं. शहरातच मास्तर होता. गणेशोत्सवात ह्याच्या हातून विनूच्या बाजाच्या पेटीचा भाता फाटला होता, आणि तो दुरुस्त करून द्यायला हा चार वेळा घरी आला. भाता दुसऱ्याच खेपेला नीट झाला होता! तेव्हा पोरापोरींचं ठीकच होतं. प्रश्न होता त्याच्या वडिलांचा. भय्यासाहेब म्हणजे नर्मदेपलीकडच्या तीन गावांचे मालगुजार, जमीनदारच म्हणा, शिस्तीचे कडक. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. रविवारी दुपारी चारला ते येणार आणि हो की नाही ते तिथंच सांगून जाणार, असा निरोप होता.

रविवारी सकाळी सहालाच मी ओसरीवर सायकल पुसायला घेतली. बायको, अनसूया तिचं नाव, झाडू हातात घेऊन उभी राहिली.

"अहो, आजच्या दिवशी सायकल काहून पुसून राहिले?"

"तूच म्हणालीस ना, आज घरात लुडबुड करू नका?"

"लुडबुड करू नका म्हटलं. गाव सोडून जा नाही म्हटलं!"

"दोन वाजता दारात हजर! ग्वारीघाटावर नावेने पलीकडं, डोंगरातून दहा मैलांची नवी वाट, आणि खालच्या घाटावरून नावेने परत. नकाशा काढून ठेवला आहे मी."

"आणि दाढी?"

"न्हाव्याला तीनला बोलावलंय. सगळं ठरवून करतो मी!"

तेवढ्यात विनू बाहेर आली. ती काही फार बोलत नाही. हळूच म्हणाली, "दादा, ह्या वेळेस नको ना रे."

ह्या वेळेस म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. आदल्या वर्षी एक स्थळ आलं होतं आणि मी बरेल्याच्या वाटेवर साखळी तुटून बसलो होतो. पाहुणे दीड तास थांबले. पोहे तीनदा गरम झाले. शेवटी "ह्या घरात कर्ता पुरुष आहे का नाही?" म्हणत ते उठले. विनूने त्याबद्दल मला एका शब्दाने कधी टोचलं नाही, आणि तेच मला जास्त टोचत होतं.

"विनू, तुझ्या गळ्याची शपथ," मी म्हणालो. "दोन म्हणजे दोन."

तिने आपला गळा चाचपला, बिचारीने!

ग्वारीघाटावर अच्युत आला. अच्युत अंगाने भरदार, मनाने हळवा. त्याने नाव पाहिली, पाणी पाहिलं, परत नाव पाहिली.

"पुंडलिक, आमच्या घरी आज पापड वाळत घातले आहेत."

"मग?"

"कावळे येतात रे."

आणि गडी सायकल वळवून चालता झाला! मी आपला नावेत उभा राहून हसत होतो. नाव पार मधोमध गेली तेव्हा माझं हसू थांबलं. पंक्चरचं सामान अच्युतच्या सायकलीला. हवेचा पंप अच्युतच्या सायकलीला. भाकरी-पिठल्याचा डबा, तोही अच्युतच्याच सायकलीला! "डबाऽऽ!" मी ओरडलो. अच्युतने काठावरून प्रेमाने हात हलवला.

पण पहिला तासभर काय सुख होतं म्हणून सांगू! थंड हवा, दोन्ही अंगांना तुरीची शेतं, पुढं पळसाचं रान, आणि तांबडा मुरूम असा दबलेला की चाक आपोआप पळावं. उजव्या हाताला झाडांतून नर्मदामाय मधूनमधून दिसत होती. मी मोठ्याने गाणंसुद्धा म्हटलं. मग ती वाट आली, जिच्यासाठी मी निघालो होतो. कचेरीतल्या जुन्या नकाशावर डोंगरावरून गेलेली एक सुंदर तुटक रेघ होती. ती मी पातळ कागदावर उतरवून आणली होती. त्या रेघेवर मी सायकल घातली. आधी गवत आलं, मग खडक आले, मग बोरी-बाभळी आल्या. मी म्हटलं, असेल, वापरात नसेल हल्ली. पुढं एक नाला आला. त्याच्या चिखलाने माझा डावा बूट ठेवून घेतला आणि काही केल्या परत दिला नाही. एकच बूट घालून चाललं की माणूस लंगडा दिसतो, म्हणून उजवा मी रागाने झुडपात फेकला. फेकला आणि बाभळीच्या काट्याने पुढचं चाक बसलं. पाच मिनिटांनी मागचं!

वर एक गुराखी बसला होता. त्याला विचारलं, "भैया, ये रस्ता कहाँ जाता है?"

"रस्ता?" तो म्हणाला. "ये रस्ता थोड़ी है! ये तो दो गाँव की मेंड़ है."

शीव! दोन मौज्यांची शीव! नकाशावर तुटक रेघ म्हणजे शीव, हे मी सात वर्षं लोकांना शिकवत आलो होतो. आणि रविवारी माझं मलाच आठवलं नाही!

दुपारचे बारा. दोन्ही चाकं बसलेली. मी अनवाणी. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, ऊन लागतं म्हणून उपरणं डोक्याला गुंडाळलेलं, दाढी तीन दिवसांची. हातात एक काठी, कारण चाकात अडकलेला चिखल दर शंभर पावलांनी काढावा लागत होता. पोटात कावळे, अच्युतच्या पापडांवरचे सगळे! असा मी नदीच्या काठाकाठाने सायकल ढकलत कोसमखेडा नावाच्या वस्तीत शिरलो.

पिंपळाच्या पारावर गावचे मुकद्दम, म्हणजे पाटील, बसले होते. शालिग्राम त्यांचं नाव. मला पाहून ते ताडकन उठले आणि हात जोडून म्हणाले, "नर्मदे हर!"

आता आमच्याकडं कोणी 'नर्मदे हर' म्हटलं, तर आपणही म्हणतो. मीही हात जोडून म्हणालो, "नर्मदे हर!"

"कहाँ से चले, महाराज?"

"ग्वारीघाट से."

"पैदल?"

"अब तो पैदल ही समझो."

"और जूते?"

"छूट गए," मी सुस्कारा टाकून म्हणालो.

मुकद्दमांनी सायकलीकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं पाहिलं. "सायकल है, फिर भी बैठते नहीं?"

"अब क्या बैठना, दादा! वो दिन गए."

ह्यात एक शब्द तरी खोटा आहे का, तुम्हीच सांगा! पण मुकद्दमांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "अम्मा! बाहर आओ! देखो कैसे महात्मा आए हैं! सायकल साथ में है और पैदल चल रहे हैं!"

अम्मा आली. ऐंशीची असेल, काठी टेकत आली, आणि मी मागं सरकेपर्यंत माझ्या पाया पडलीसुद्धा. मी "अरे अरे" म्हणतोय तोवर पाटावर बसवला गेलो आणि समोर पानावर गक्कड आले. गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, आणि वांग्याचं भरीत! त्या वासाबरोबर माझी विचारशक्ती जी गेली, ती सातव्या गक्कडापर्यंत परत आली नाही. अम्मा वाढत होती आणि म्हणत होती, "खाओ बेटा, अभी तो समुंदर तक जाना है."

समुद्रापर्यंत? मी म्हटलं, म्हातारी माणसं, बोलतात काहीही.

हात धुऊन पाहतो तो काय, सायकलीला झेंडूचा हार! हँडलला लाल धागा, दिव्याला गंध, मागं पिठाचं आणि डाळीचं गाठोडं बांधलेलं. गावातल्या बाया एकेक करून येत होत्या आणि चाकावर कुंकू लावत होत्या. माझ्याही कपाळावर चंदन आलं, गळ्यात हार आला. मी घड्याळ पाहिलं. पावणेदोन! उठलोच.

"अच्छा, चलो दादा, बहुत कृपा. अब उस पार जाना है. नाव कहाँ मिलेगी?"

एका बाईने पदर तोंडावर घेतला. अम्मा तर मटकन खालीच बसली.

"उस पार?" मुकद्दम म्हणाले. "महाराज, परकम्मावासी मैया को पार करेगा?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! नर्मदेची परिक्रमा करणारा माणूस नदी उजव्या हाताला ठेवून चालतो, अनवाणी. गावोगावच्या सदाव्रतावर, म्हणजे दानात मिळालेल्या अन्नावर जगतो. आणि समुद्र येईपर्यंत नदी म्हणून ओलांडत नाही. ओलांडली तर सगळं पुण्य पाण्यात, आणि जो नावाडी त्याला ओलांडून देईल त्याच्याही माथी पाप. परिक्रमा उचलायचे पौर्णिमेनंतरचे दिवस, नदी माझ्या उजव्या हाताला, पाय अनवाणी. मी परिक्रमावासी नाही, हे ओळखायला खूण कोणती होती? एक सायकल होती, तर तिचंही तप झालं होतं!

सांगून टाकावं, असं मनात आलं. पण पोटात सात गक्कड होते. त्या म्हातारीने तूप हात राखून वाढलं नव्हतं. 'अम्मा, मी कचेरीतला कारकून, फिरायला आलो होतो' हे कोणत्या तोंडाने सांगू? तोंडाला अजून भरीत होतं! मी चाचरत म्हणालो, "नहीं, मतलब... पार देखना है. दूर से."

"देखो, जरूर देखो!" मुकद्दम खूश झाले. "घाट तक हम पहुँचाएँगे!"

आणि गाव पोचवायला निघालं. पुढं ढोलकी, मागं बाया, मधे मी आणि माझी साध्वी सायकल. मी जरा भरभर चाललो की ढोलकी भरभर वाजे. दीड मैलाचा रस्ता, आणि वाटेतल्या दोन वस्त्यांतली माणसं येऊन मिळाली! घाटावर पोचलो तेव्हा पावणेतीन वाजून गेले होते आणि आम्ही साठ जण होतो.

नाव लागलेली होती. मी हळूच नावाड्याच्या कानाशी गेलो. "भैया, सुनो, मुझे पार छोड़ दो."

त्याने माझ्या गळ्यातला हार पाहिला, मागची साठ माणसं पाहिली आणि कानांवर हात ठेवले. "मैया के डर से तो बच भी जाऊँ, महाराज. इन लोगों से कौन बचाएगा?"

तेवढ्यात घाटावर एक दमणी येऊन थांबली. बैलांच्या गळ्यांत घुंगरं, गादीवर पांढरी चादर. आतून एक पगडीवाले गृहस्थ उतरले. उंच, करड्या मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी. ढोलकी पाहून त्यांनी चौकशी केली. मुकद्दमांनी सायकलीच्या तपाची कहाणी सांगितली, आणि ती आता पुष्कळ वाढली होती. माझे बूट मी म्हणे एका भिकाऱ्याला दान केले होते! गृहस्थ सरळ माझ्यासमोर आले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

"महाराज, आपण मराठी का?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं, मनातलं मराठीत बोलता येईल. आज मुलासाठी मुलगी पाहायला चाललो आहे, शहरात. मुलगी चांगली आहे म्हणतात. मुलाचाही जीव तिच्यावर आहे. पण माझं मन होत नाही."

माझ्या पोटातले सातही गक्कड एकदम जागे झाले.

"का... काहून होत नाही?"

"मुलीचा भाऊ, महाराज! सायकलवेडा आहे. मागच्या खेपेला पाहुण्यांना दीड तास ताटकळत ठेवलंन. ज्या घरात बहिणीच्या लग्नाची कर्त्या माणसाला फिकीर नाही, त्या घराशी सोयरीक काय जोडायची? मी ठरवलंय, आज चारला तो दारात उभा दिसला तर बोलणी. नाही दिसला, तर पाणीसुद्धा न घेता उठायचं. बरोबर आहे ना? आपण सांगाल तसं."

भय्यासाहेब! साक्षात भय्यासाहेब माझ्यापुढं हात जोडून उभे, आणि मलाच विचारतायत मला कोणती शिक्षा करू!

क्षणभर वाटलं, महाराज तर आहोतच, ठोकून द्यावं! 'सोयरीक करा, बच्चा, कल्याण होईल' म्हटलं की काम झालं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मग हा माणूस नावेत बसून जाणार, चारला आमच्या दारात उभा राहणार आणि दारात मी नसणार. आज त्यांनी आशीर्वाद मानला, तरी लग्नाच्या मांडवात अंतरपाट धरायला कोण येणार? हाच महाराज! विनूने सकाळी गळा चाचपला होता, तो हात डोळ्यांपुढून हलेना.

मी गळ्यातला हार काढला.

"भय्यासाहेब," मी म्हणालो, "तो सायकलवेडा मीच."

त्यांच्या हातातली काठी खाली पडली.

मग मी मागं वळलो आणि साठ माणसांपुढं सगळं ओकलो. मोडक्यातोडक्या हिंदीत, रडवेल्या आवाजात. कचेरी, तुटक रेघ, बूट, काटे, भूक. "मैं कोई महाराज नहीं, दादा. बाबू हूँ. भूख लगी थी, तुमने खिलाया, मैंने खा लिया. पीठ-डाळ सब वापस ले लो. गक्कड वापस नहीं दे सकता. लेकिन चार बजे मेरी बहन को देखने आ रहे हैं, और मैं नहीं पहुँचा तो उसका ब्याह मेरे कारण दूसरी बार टूटेगा. मुझे पार जाने दो, हात जोडतो!"

ढोलकीवाल्याने ढोलकी पाठीमागं लपवली. मग अम्मा काठी टेकत पुढं आली. मी मान खाली घातली. म्हटलं, आता काठी बसणार, आणि बसायलाच पाहिजे.

"सात गक्कड़!" अम्मा म्हणाली.

"हओ अम्मा."

"बहन का ब्याह है?"

"हओ अम्मा."

"तो पहले काहे नहीं बोला, मूरख! शादी-ब्याह के घर का आदमी भूखा-प्यासा डोल रहा है! इसको तो खिलाने का पुण्य अलग है." आणि नावाड्याकडं वळून म्हणाली, "खड़ा क्या है? ले जा इसको!"

काय सांगू, मला रडूच आलं. मी त्या म्हातारीच्या पाया पडलो, आणि ह्या खेपेला पाय बरोबर माणसाचे होते. डोळे पुसले आणि नावेत चढवायला म्हणून सायकल धरली. धरली तर मागून मुकद्दमांनीही धरली.

"ये नहीं जाएगी."

"काहून? क्यों?"

"बाबूजी, तुमने खाया, तुम चुप रहे, सो तुम जानो और मैया जाने. तुम्हारी परकम्मा तो थी ही नहीं. पर सायकल को हमने तिलक किया है, धागा बाँधा है. इसका संकल्प हो गया. और इसने तो कोई झूठ बोला नहीं!"

सगळ्या घाटाने माना डोलावल्या. मी भय्यासाहेबांकडं आशेने पाहिलं. ते नावेत बसत शांतपणे म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

नाव सुटली. काठावर साठ माणसं आणि हार घातलेली माझी सायकल. ढोलकी परत सुरू झाली होती.

नावेत भय्यासाहेब एक शब्द बोलले नाहीत. पलीकडं टांगा केला, त्यातही नाही. मी शेजारी अनवाणी, कपाळावर चंदन, मांडीवर अम्माने परत न घेतलेलं पिठाचं गाठोडं. सदर बाजारातून टांगा गेला तेव्हा दोन ओळखीच्या माणसांनी मला नमस्कार केला, पण ओळखून नव्हे. सराफ्यामागच्या आमच्या गल्लीत टांगा थांबला तेव्हा चार वाजायला दोन मिनिटं होती.

दारात अनसूया. तिने पाहुण्यांना वाकून नमस्कार केला आणि मग मला पाहिलं. "अगं बाई! सायकल कुठं आहे?"

"परिक्रमेला गेली," भय्यासाहेब म्हणाले. त्या घरात त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

पोहे झाले, चहा झाला. विनू समोर येऊन बसली. मी कोपऱ्यात पाय धोतराखाली लपवून बसलो होतो. स्वयंपाक येतो का, वाचायला काय आवडतं, ह्यातलं भय्यासाहेबांनी काही विचारलं नाही. एकच विचारलं, "मुली, तुझा दादा कसा माणूस आहे? खरं सांग."

विनूने माझ्याकडं पाहिलं. माझे पाय तिला दिसले. मग म्हणाली, "वेळेवर येत नाही. पण येतो."

भय्यासाहेब हसले. आधी मिशांतल्या मिशांत, मग असे मोठ्याने की शेजारच्या माडीवरून लोक डोकावले. "अहो, घरचा माणूस पाहुण्यांच्या आधी पोचतो, नाहीतर नंतर पोचतो. पाहुण्यांना सोबत घेऊन पोचलेला मी हा पहिला पाहिला! खोटा आशीर्वाद देऊन सुटता येत होतं, आणि हा सुटला नाही. आमचा होकार आहे. फक्त एक अट."

अनसूयेने पदर सावरला. मी सावरून बसलो.

"ती सायकल परिक्रमा पुरी करून परत आली, की तिच्यावर कोणी बसायचं नाही. पुण्यवान जीव आहे तो. पुंडलिकराव, शब्द द्या."

विनू माझ्याकडं पाहत होती. मी शब्द दिला. म्हटलं, सायकल कुठली परिक्रमा करतेय, बाप्पा! पंधरा दिवसांत गंजून पारापाशी पडेल, मग गुपचूप आणू.

लग्न माघात थाटात झालं. लग्नाच्या चौथ्या दिवशी मुकद्दमांनी शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं: 'आपकी सायकल होशंगाबाद पहुँची. कुशल है. चिंता न करें.' येणारा प्रत्येक परिक्रमावासी तिला पुढच्या मुक्कामापर्यंत ढकलत नेत होता, आणि बसत एकही जण नव्हता! मग ओंकारेश्वरहून कार्ड आलं. मग थेट समुद्राजवळून. विनूला मुलगा झाला, त्याच आठवड्यात सायकलीने समुद्राचं दर्शन घेतल्याचं कळलं. तिसऱ्या वर्षी ती उत्तर काठाने ग्वारीघाटावर आली. माझीच सायकल, माझ्याच गावात! आम्ही सगळे दर्शनाला गेलो. पण अमरकंटक अजून बाकी होतं, त्यामुळं मी तिला नमस्कार केला आणि ती पुढं गेली.

तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांनी ती कोसमखेड्याला पोचली आणि तिथून नावेने घरी आली. रंग थोडा उडाला होता, बाकी प्रकृती उत्तम. अनसूया दर एकादशीला तिच्या चाकावर फूल वाहते. अच्युत येतो, तोही आधी तिला हात जोडतो आणि मग मला विचारतो, "काय पुंडलिक, वहीचं कुठवर आलं?" काय सांगू त्याला? मी वीस मैलांचा जाणकार, आणि ती सगळी नर्मदा पाहून आलेली!

ओसरीवर नुसती ठेवली तर ती गंजते, म्हणून मी रोज तिला कचेरीत नेतो आणि आणतो. तेव्हा सदरच्या रस्त्यावर एखादा गृहस्थ चांगली धडधाकट, हवा भरलेली सायकल हाताने ढकलत चाललेला दिसला, तर कृपा करून "काहून भाऊ, पंक्चर झाली का?" म्हणून विचारू नका. दिवसातून नऊ जण विचारतात!